पंचेचाळीस टक्के : एका टेलिहेल्थ चाचणीची बातमी कशी झाली

संशोधन-संवादाच्या, म्हणजे संशोधन लोकांपर्यंत पोचवण्याच्या, कामात नव्याने आलेल्यांना मी एक प्रकरण आवर्जून वाचायला देते. इंग्लंडमधलं आहे आणि आता बरंच जुनं झालंय. तरीही देते, कारण त्यात कुणी खोटं बोललेलं नाही. खोट्या आकड्यांची प्रकरणं शिकवायला सोपी असतात. आकडा चुकला, दुरुस्ती छापा, माफी मागा, संपलं. इथे एकूण एक आकडा हिशेबाने बरोबर होता. तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं, ते पुढच्या दीड वर्षात एकेका शोधनिबंधानिशी विरत गेलं, आणि तोवर धोरण ठरून गेलं होतं.

चाचणीचं नाव ‘होल सिस्टम डेमॉन्स्ट्रेटर’. २००६ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने काढलेल्या श्वेतपत्रिकेत तिची घोषणा झाली. जागा तीन निवडल्या: कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधला न्यूहॅम. लोकांची नोंदणी मे २००८ मध्ये सुरू झाली. चाचणीचे भाग दोन. टेलिहेल्थ म्हणजे आजारी माणसाने घरीच मोजमापं घ्यायची आणि ती दूर बसलेल्या परिचारिकेपर्यंत पोचवायची. टेलिकेअर म्हणजे पडल्याची सूचना देणारी, दार उघडं राहिल्याचं किंवा गॅस गळत असल्याचं कळवणारी, घरात बसवलेली संवेदक यंत्रणा. दोन्ही शब्द मराठीत ‘दूरआरोग्य’ म्हणून एकाच पोत्यात भरले जातात. ते किती महागात पडतं ते पुढे येईलच.

टेलिहेल्थच्या भागात १७९ दवाखान्यांमधले ३,२३० लोक होते. आजार तीन: सीओपीडी (फुप्फुसांचा, दम लागणारा जुनाट आजार), मधुमेह आणि हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं). सरासरी वय सत्तरीच्या आसपास. यंत्र कुणाला द्यायचं याची चिठ्ठी माणसाच्या नावाची नव्हे, दवाखान्याच्या नावाची टाकली होती. अमुक दवाखान्याच्या सगळ्या पात्र रुग्णांना यंत्र, तमुक दवाखान्याच्या रुग्णांना नेहमीचीच सेवा. यंत्र न मिळालेल्यांना वर्षभरानंतर ते देण्यात येणार होतं.

यंत्राकडे जरा जवळून बघू, कारण बातम्यांमध्ये ते कुठेच नव्हतं. दोन ठिकाणी पडदा असलेली एक छोटी पेटी होती, तिसऱ्या ठिकाणी टीव्हीला जोडायचा डबा. तिच्यासोबत आजाराप्रमाणे एखादं साधन: सीओपीडीवाल्याला बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, मधुमेह्याला ग्लुकोमीटर, हार्ट फेल्युअरवाल्याला वजनकाटा. आठवड्यातून पाच दिवसांपर्यंत, ठरलेल्या वेळी, मोजमाप घ्यायचं. मग पडद्यावर प्रश्न येतात, दम जास्त लागतोय का, अशा धाटणीचे, आणि बटण दाबून उत्तरं द्यायची. ती सगळी माहिती देखरेख केंद्रावर जाते आणि काही वावगं दिसलं तर तिकडून हालचाल होते. म्हणजे ‘टेलिहेल्थ’ या एका शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: एक पेटी, एका म्हाताऱ्या माणसाचा ठरलेला वेळ आणि पलीकडे बसलेली परिचारिका. फरक पडला असेल तर तो यांतल्या कशाने पडला, हा प्रश्न मनात ठेवा.

आकडे बाहेर आले ते असे

डिसेंबर २०११ मध्ये आरोग्य खात्याने एक छोटी पुस्तिका काढली, ‘ठळक निष्कर्ष’ म्हणून. शोधनिबंध अजून प्रसिद्ध व्हायचा होता. पुस्तिकेचा आशय असा की सुरुवातीच्या चिन्हांवरून, टेलिहेल्थ योग्य रीतीने वापरलं तर अपघात विभागातल्या फेऱ्या १५ टक्क्यांनी, तातडीने दाखल होणं २० टक्क्यांनी, ठरवून दाखल होणं १४ टक्क्यांनी, रुग्णालयातले खाटेचे दिवस १४ टक्क्यांनी आणि रुग्णालयाचा दरपत्रकाप्रमाणे होणारा खर्च ८ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. आणि याहून लक्षवेधी म्हणजे, मृत्युदरात ४५ टक्के घट.

त्याच महिन्यात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी भाषणात या चाचणीचा दाखला दिला आणि पाच वर्षांत तीस लाख लोकांपर्यंत हे पोचवायचं जाहीर केलं. जानेवारी २०१२ मध्ये खातं आणि यंत्र बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटना यांच्यात त्यासाठी करारही झाला. मोहिमेचं नावच ‘थ्री मिलियन लाइव्ह्ज’.

शोधनिबंध आला जून २०१२ मध्ये, ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात. लेखकांतलं पहिलं नाव ॲडम स्टीव्हन्टन, त्या वेळी नफील्ड ट्रस्ट या आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत. म्हणजे मधले सहा महिने आकडा होता आणि तो तपासायला कागद नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट शब्द नव्हे, तारीख आहे. पत्रकार कितीही हुशार असला तरी त्याला विचारायला जागाच नव्हती: किती जणांपैकी, कुणाशी तुलना करून, आकड्याची कमाल-किमान कक्षा काय. आरोग्यसेवेच्या संशोधिका ट्रिश ग्रीनहाल्ग यांनी ‘बीएमजे’ला लिहिलेल्या पत्रात प्रकाशनाच्या नीतीचाच मुद्दा काढला होता.

पंचेचाळीसच्या आत

निबंधात मृत्यूचे आकडे असे आहेत: वर्षभरात यंत्र असलेल्यांपैकी ४.६ टक्के वारले, नसलेल्यांपैकी ८.३ टक्के. ८.३ चे ४.६ झाले, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. गणित चोख. पण ‘मृत्युदरात ४५ टक्के घट’ हे वाक्य मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा बहुतेक वेळा ‘शंभरातले पंचेचाळीस वाचले’ असंच ऐकतो. आपल्याकडे ‘टक्के’ हा शब्द शेकड्याचा आहे आणि शेकडा म्हटलं की डोळ्यांपुढे शंभर माणसं उभी राहतात. ‘आधीच्या दराच्या ४५ टक्के’ हे उभं राहत नाही. इंग्रजीतही हा गोंधळ होतोच. मराठीत ‘टक्के’ आणि ‘टक्केबिंदू’ (दोन टक्केवारींतली थेट वजाबाकी) हा भेद अर्थशास्त्राची पानं सोडली तर कुणी पाळत नाही, म्हणून तो जास्त होतो.

मी तो आकडा हजारांवर आणते. यंत्र नसलेल्या १,००० जणांत ८३ मृत्यू, यंत्र असलेल्या १,००० जणांत ४६. फरक ३७. किंवा दुसऱ्या बाजूने: फरक खरोखर यंत्रामुळेच पडला असं धरलं, तर साधारण २७ घरांत पेटी बसवल्यावर वर्षाकाठी एक मृत्यू टळतो. ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. एखाद्या औषधाचा असा निकाल आला तर डॉक्टर खूश होतील. माझी तक्रार आकडा फुगवला अशी नाहीच. तो न फुगवताही पुरेसा बोलका होता.

आता ‘धरलं तर’ या शब्दांकडे येऊ.

चाचणी ज्या प्रश्नाभोवती बांधली होती तो मृत्यूचा नव्हता. मुख्य प्रश्न होता: वर्षभरात किती जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं? उत्तर: यंत्र असलेल्यांपैकी ४२.९ टक्के, नसलेल्यांपैकी ४८.२ टक्के. हे आकडे संख्याशास्त्रीय कसोटीला उतरले, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नव्हता. पण पुस्तिकेच्या ठळक यादीत हाच निकाल नव्हता! शंभरातल्या ४८ चे ४३ झाले, यात मथळा नाही, हे मलाही दिसतं. तरी ज्या प्रश्नासाठी तीन हजार लोकांचं वर्ष घेतलं, त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात नसावं याला काय म्हणायचं?

यादीतल्या बाकी आकड्यांचं काय झालं तेही बघा. तातडीने दाखल होण्याचं प्रमाण शंभर माणसांमागे ६८ वरून ५४, म्हणजे २० टक्क्यांचा उगम इथला. दोन गटांतली मुळातली तफावत हिशेबात धरल्यावर हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. खाटेच्या दिवसांचा फरक उतरला: माणशी ५.६८ विरुद्ध ४.८७. रुग्णालयाच्या वापराची इतर मोजमापं, खर्च धरून, साधारणपणे उतरली नाहीत. ‘८ टक्के खर्च कमी’ यात तर यंत्राचा, ते बसवण्याचा आणि परिचारिकेच्या वेळेचा खर्च धरलेलाच नव्हता. तो फक्त रुग्णालयाकडचा हिशेब.

सगळ्यात रोचक भाग मात्र आलेखात आहे. चाचणीच्या सुरुवातीच्या काळात यंत्र नसलेल्या गटाचं तातडीने दाखल होणं एकदम वाढलं. दोन गटांतली दरी तिथेच सगळ्यात रुंद आहे. म्हणजे दरीचा काही भाग ‘यंत्रवाले खाली आले’ म्हणून नाही, ‘बिनयंत्रवाले वर गेले’ म्हणून पडलाय. का गेले? निबंधाच्या लेखकांनी स्वच्छ लिहिलंय की कारण स्पष्ट नाही, पण लोकांना चाचणीत घेण्याच्या प्रक्रियेचा परिणाम झाला असू शकतो. माझ्या डोळ्यांपुढे असं येतं: घरी कुणीतरी येतं, बसून आजाराची चौकशी करतं, आणि त्या चौकशीतच आजवर अंगावर काढलेलं काहीतरी वर येतं. पण हा माझा तर्क झाला. निबंधात कारण उघडं ठेवलंय, आणि ‘सांगता येत नाही’ हे निबंधातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य बातमीत पोचलं नाही.

एका शब्दाबद्दल अजून थोडं बोलायचंय. ‘योग्य रीतीने वापरलं तर’. पुस्तिकेतल्या या तीन-चार शब्दांवरून मी नेहमी अडखळते. चाचणीचं विश्लेषण यंत्र वाट्याला आलेल्या सगळ्यांचं होतं, मग त्यांनी ते नीट वापरलेलं असो वा कपाटात ठेवलेलं असो. ‘योग्य रीतीने वापरणाऱ्यांचा’ निकाल वेगळा काढलेलाच नव्हता. म्हणजे ही अट संशोधनातून आलेली नाही, लिहिणाऱ्याच्या सावधपणातून आलीय. आणि सावधपणा कुणाच्या माथी बसतो? फायदा झाला नाही तर अर्थ असा निघतो की आजीने बटण नीट दाबलं नसणार. ज्येष्ठांसाठीच्या डिजिटल साधनांबद्दल लिहिताना हे फार होतं. यंत्राला श्रेय आणि माणसाला दोष, अशी वाटणी वाक्यरचनेतच होऊन जाते.

मागून आलेले निबंध

फेब्रुवारी २०१३ मध्ये मार्टिन कार्टराइट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, पुन्हा ‘बीएमजे’त. त्याच चाचणीतल्या १,५७३ जणांना प्रश्नावली भरायला दिली होती: जगण्याचा दर्जा, चिंता, नैराश्याची लक्षणं. चार महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. फरक आढळला नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही. दुसऱ्या निम्म्याकडे दुर्लक्ष करू नका: रोज आपला आजार मोजत बसल्याने माणूस धास्तावेल अशी एक भीती होती, ती खरी ठरली नाही.

मार्चमध्ये कॅथरीन हेंडरसन आणि सहकाऱ्यांचा खर्चाचा हिशेब आला, ९६५ जणांच्या माहितीवर. आरोग्य-अर्थशास्त्रात एक माप आहे, ‘क्वाली’: पूर्ण तब्येतीत काढलेलं एक वर्ष म्हणजे एक. टेलिहेल्थमुळे वर्षभरात माणशी मिळालेली भर ०.०१२, म्हणजे पूर्ण तब्येतीचे सुमारे चार-साडेचार दिवस. त्या हिशेबाने एका क्वालीचा भाव पडला ९२,००० पौंड. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ ही संस्था त्या वेळी साधारण २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंत गोष्ट परवडणारी मानत असे. ३०,००० च्या रेषेवर टेलिहेल्थ परवडणारं असण्याची शक्यता अवघी ११ टक्के निघाली.

इथे वाचक विचारतोच: मृत्यू जवळपास निम्म्यावर आले म्हणता आणि फायदा चार दिवसांचा? दोन्ही खरं असू शकतं. हा हिशेब बारा महिन्यांपुरता आहे आणि प्रश्नावली भरणाऱ्यांपुरता. वाचलेल्या माणसाची पुढची वर्षं त्यात येत नाहीत. ही दोन वाक्यं कुणी बातमीत लिहिली असती तर निम्मा गोंधळ मिटला असता. लिहिली नाहीत कारण मार्च २०१३ मध्ये डिसेंबर २०११ चं वाक्य जोडून वाचणारा कुणी बसलेला नव्हता.

टेलिकेअरच्या भागाचं म्हणाल तर २,६०० लोक, निबंध ‘एज अँड एजिंग’मध्ये २०१३ साली. वर्षभरात रुग्णालयात दाखल झाले यंत्रणा असलेल्यांपैकी ४६.८ टक्के, नसलेल्यांपैकी ४९.२ टक्के. कसोटीला न उतरणारा फरक. आणि इथे ते एकाच पोत्यात भरणं महागात पडतं. ‘दूरआरोग्याने मृत्यू घटतात’ हे वाक्य टेलिहेल्थच्या चाचणीवरून उचलायचं आणि पडल्याची सूचना देणाऱ्या गळ्यातल्या बटणाच्या जाहिरातीत बसवायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ज्यांनी नकोच म्हटलं ते? कॅरोलाइन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा २२ जणांशी बोलून लिहिलं, जे चाचणीत आले नाहीत किंवा मध्येच बाहेर पडले. कारणं तीन धाग्यांची. यंत्र जमेल की नाही ही धाकधूक. सध्याच्या सेवेची घडी विस्कटेल ही शंका. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: आपण स्वतःचं स्वतः बघतो ही ओळखच धोक्यात येईल, पेटी घरात आली म्हणजे आपण ‘त्या’ आजारी, परावलंबी माणसांत जमा झालो. ‘तंत्रज्ञानाची भीती’ असं लिहून आपण मोकळे होतो ते किती आळशीपणाचं आहे हे या निबंधावरून कळतं. या २२ जणांना एकाही मथळ्यात जागा नव्हती. टक्केवारीच्या यादीत त्यांना बसवायला रकाना नव्हता.

दोष कुणाचा म्हणाल तर खात्यातल्या त्या पुस्तिका लिहिणाऱ्याला मी एकट्याला धरणार नाही. वरून घाई असते, मंत्र्याचं भाषण ठरलेलं असतं, आणि ‘एक आकडा द्या’ ही मागणी आमच्या धंद्यात रोजची आहे. पण अतिशयोक्ती पत्रकार करतात आणि संशोधक बिचारे सोज्वळ असतात ही समजूत मात्र सोडायला हवी. कार्डिफ विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधापेक्षा वाढवून लिहिला होता. पत्रकात असा सल्ला वाढवलेला असेल तर ५८ टक्के बातम्यांत तो वाढलेला सापडला; पत्रक सरळ असेल तर १७ टक्के बातम्यांत. शिवाय पत्रक फुगवल्याने बातमी जास्त ठिकाणी लागते असंही दिसलं नाही. हा शेवटचा निष्कर्ष मी वरिष्ठांसमोर हमखास काढते.

मी लिहून पाहिलेलं पान

प्रशिक्षणात मी सगळ्यांना हाच निकाल मराठीत एका पानात लिहायला सांगते, आणि स्वतःही लिहिते. पानाचा वाचक पंचाहत्तरीचा. माझा एक खर्डा असा होता:

“सीओपीडी, मधुमेह किंवा हार्ट फेल्युअर असलेल्या ३,२३० लोकांची ही चाचणी. जवळपास निम्म्यांच्या घरी मोजमापं परिचारिकेपर्यंत पोचवणारं यंत्र बसवलं. वर्षभरात रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते यंत्र असलेल्या दर १०० पैकी ४३ जणांना, नसलेल्या दर १०० पैकी ४८ जणांना. वर्षभरातले मृत्यू: यंत्र असलेल्या दर १,००० मागे ४६, नसलेल्या दर १,००० मागे ८३. म्हणजे मृत्युदरात सुमारे ४५ टक्के घट. जगण्याच्या दर्जात फरक आढळला नाही. पैसे वाचतात असं दिसलं नाही. मृत्यूतला फरक नेमका कशामुळे पडला ते कळलेलं नाही.”

हे मी ओळखीतल्या एका निवृत्त हिशेबनीस काकांना वाचायला दिलं. चष्मा वर-खाली करत त्यांनी दोनदा वाचलं. पहिला प्रश्न: “रोज काट्यावर उभं राहायचं का?” आठवड्यातून पाच दिवसांपर्यंत, म्हटलं. “आणि ती परिचारिका फोन करते, की नुसती बघते?” हे पानात नव्हतं. मग बोट ४६ आणि ८३ वर ठेवून म्हणाले, “हे ८३ वाले, यांचं काय बिनसलं?”

म्हणजे आकड्यांपाशी आल्यावर त्यांनी पेटीबद्दल विचारलंच नाही. हिशेबातली दुसरी बाजू बघायची त्यांची सवय. सुरुवातीच्या काळात त्या गटाचं दाखल होणं अचानक वाढलं होतं आणि का ते चाचणी करणाऱ्यांनाही सांगता आलं नाही, असं मी सांगितलं. “मग हे शेवटी का टाकलंस? आकड्याच्या खाली लिही की.”

शेवटचं वाक्य उचलून मृत्यूच्या आकड्यांखाली आणलं. त्यात बिनयंत्रवाल्या गटाची वाढ घातली, वर परिचारिका काय करते त्याची अर्धी ओळ घातली. पान एका ओळीने बाहेर गेलं. काहीतरी काढणं भाग होतं. पंचेचाळीस टक्क्यांची ओळ काढली.